धाकटे पडले, थोरले वाचले

मला तोंड आहे, पण ते शिवलेलं आहे. काळ्या दोऱ्याची एक सरळ टीप, या गालापासून त्या गालापर्यंत. तेव्हा मी बोलतोय म्हणून दचकू नका. आयुष्यभर दुसऱ्यांचं ऐकून घेतलेल्याला एकदा तरी बोलू द्यावं, एवढंच माझं म्हणणं.

माझा जन्म पडण्यासाठी झाला. सिनेमात एखाद्या दुष्ट माणसाला हिरो उंचावरून खाली लोटतो आणि तुम्ही खुर्चीत सरसावून "बरं झालं मेल्याचं!" म्हणता, तेव्हा खाली जो येतो तो मी असतो. ज्याच्या नावाने तुम्ही बोटं मोडता, तो त्या वेळी वर सुखरूप उभा राहून चहाची वाट बघत असतो. मी पुतळा आहे. सिनेमाच्या धंद्यात आम्हाला डमी म्हणतात. मला मात्र सगळं युनिट 'धाकटे' म्हणे, आणि तेही अहोजाहो करून.

धाकटे का, तर थोरले होते म्हणून. थोरले म्हणजे आमच्या सिनेमातले खलनायक. दाराच्या चौकटीत मावणार नाही असा देह, दोन सुरवंट चिकटवल्यासारख्या भुवया आणि खर्जातला आवाज. पडद्यावर त्यांनी घरं जाळली होती, वारस बुडवले होते, आंधळ्या म्हातारीला भर थंडीत घराबाहेर काढलं होतं. प्रत्यक्षात हा माणूस वाटेत मुंग्यांची रांग दिसली तर वळसा घालून जाई. त्यांच्या गल्लीतली पोरं त्यांना 'दुष्टकाका' म्हणत आणि चेंडू कौलांवर अडकला की त्यांच्याच नावाने हाका मारत. कोपऱ्यावरची फळवाली मात्र त्यांना मुद्दाम किडकी फळं घाली. "त्या म्हातारीला बाहेर काढताना लाज नाही वाटली?" असं वर विचारी. थोरले निमूटपणे पिशवी घेऊन घरी येत आणि किडका भाग कापून उरलेलं खात. घरात दुसरं कोणी नव्हतं. लग्न राहून गेलं ते गेलंच.

मला घडवलं ताईंनी. ताई कपडे विभागाच्या प्रमुख. म्हणजे प्रमुखही त्याच, शिंपीही त्याच आणि इस्त्रीवालीही त्याच. तरुणपणीच नवरा वारला, तेव्हापासून धाकट्या भावाच्या घरी राहत होत्या. खरं तर ते घर त्यांचंच म्हणायचं. आईबाप गेल्यावर त्याला ताईंनीच लहानाचा मोठा केलेला. नाकावर चष्मा, ओठात टाचण्या आणि गळ्यात मोजपट्टी, अशा त्या दिवसभर मशीनवर बसलेल्या असत. टाचण्या ओठात धरूनसुद्धा त्यांना रागावता येई, ही त्यांची खासियत.

माझं माप घेतलं तेव्हा मी टेबलावर कापडाचा गठ्ठा होतो. थोरले समोर हात पसरून उभे. ताईंनी त्यांच्या पोटाभोवती मोजपट्टी टाकली आणि थांबल्या.

"सोडा," त्या म्हणाल्या.

"काय सोडू?"

"श्वास. पुतळ्याला तुमचं खरं पोट लागेल."

थोरल्यांनी श्वास सोडला. मोजपट्टी एकदम चार बोटं पुढे सरकली. दोघंही लाजले. आता पोटाच्या मापात लाजण्यासारखं काय आहे, असं तेव्हा मला वाटलं होतं. पण कापडाच्या गठ्ठ्याला कितीशी अक्कल असणार!

जाड कॅनव्हासचं अंग, आत चिंध्या, पोटात भुसा, पायात वाळू. असा मी तयार झालो. ज्या बंद कारखान्यात शूटिंग होतं, त्याच्या छपरावरून मला चाचणीसाठी खाली टाकलं आणि मी धप्पकन पडलो. दिग्दर्शक मॅडम, वयाने लहान, झोपेने अर्धवट आणि हट्टाने पूर्ण, कपाळाला हात लावून म्हणाल्या, "हा माणूस नाही पडला. कांद्याचं पोतं पडलं."

ताईंना ते फार लागलं. त्यांनी माझे दोन्ही खांदे उसवले आणि जुन्या गॅलिसचं, म्हणजे पँटच्या खांदेपट्ट्यांचं, इलॅस्टिक आत घालून हात पुन्हा जोडले. म्हणजे पडताना हात आपोआप हवेत फिरतील, माणूस आधार शोधतो तसे. मग थोरल्यांचा कोट होता तसाच दुसरा कोट माझ्यासाठी शिवला. तोच करडा रंग, तीच कॉलर. फक्त माझ्या कोटाला अस्तर नव्हतं. पुतळ्याला कुठे थंडी वाजते!

आता सिनेमाची गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. एक कुलपं दुरुस्त करणारा तरुण असतो. त्याचा भाऊ एका मोठ्या कारखानदाराच्या हलगर्जीपणामुळे आगीत मरतो. न्यायालयात सगळे सुटतात. मग हा तरुण स्वतःच न्याय करायला निघतो. त्याला कोणतंही कुलूप उघडता येतं, तेव्हा तो एकेकाच्या घरात शिरतो आणि हिशेब चुकता करतो. सगळ्यात शेवटी कारखानदाराची पाळी येणार, तर मधेच हा त्याच्याच मुलीच्या प्रेमात पडतो. तिला काही ठाऊक नाही. शेवटी कठड्यापाशी झटापट होते, कारखानदार बाहेर लोंबकळतो, आणि तरुणाला त्या मुलीचा चेहरा आठवून तो त्याचा हात धरतो. पण हात निसटतो. त्याने सोडला की सुटला? ते त्याचं त्यालाच कळत नाही. त्या टोचणीवर सिनेमा संपतो. हिरोने मॅडमना कितीदा विचारलं, "सोडतो की सुटतो, ते सांगा ना. मला चेहरा कसा करायचा ते कळत नाही." मॅडम म्हणत, "हाच चेहरा कर."

कारखानदार म्हणजे थोरले. आणि लोंबकळल्यानंतरचा कारखानदार म्हणजे मी.

आता राहिला एक माणूस. फाइट मास्तर. हेच ताईंचे धाकटे बंधू. सडपातळ, चपळ आणि तोंडाने तिखट. त्यांचे समोरचे दोन दात खोटे होते आणि त्या दोन दातांभोवती आमची सगळी कथा फिरते.

फायटिंगच्या धंद्यात एक नियम असतो. मारणारा मनात मोजतो, एक, दोन, आणि तीनला हात फिरवतो. मार खाणारा तीनलाच मान वळवतो. मधे चार बोटांची फट राहते. कॅमेऱ्याला ती फट दिसत नाही, तुम्हाला दिसत नाही, आणि रात्री दोघंही धडधाकट घरी जातात. मास्तर तरुण असताना एका सिनेमात थोरल्यांचा ठोसा त्यांना खरोखरच लागला. समोरचे दोन दात पडले. मास्तरांनी सगळ्यांना सांगितलं, त्याने मुद्दाम मारलं. त्याच सकाळी दोघांचं एका खुर्चीवरून भांडण झालं होतं, त्यामुळे लोकांना ते पटलंही. घरी जाऊन त्यांनी ताईंना शपथ घातली, "तो माणूस या घराच्या उंबऱ्यात दिसला, तर मी घर सोडून जाईन."

ताईंनी ती शपथ पाळली. मास्तरांनी वैर पाळलं. एकाच सिनेमात काम आलं तरी ते थोरल्यांशी एक अक्षर बोलत नसत. मी आल्यावर त्यांची चांगली सोय झाली. थोरले हाताच्या अंतरावर उभे असत आणि मास्तर माझ्याकडे बघून म्हणत, "धाकटे, तुमच्या थोरल्यांना सांगा, पाव पाऊल डावीकडे." थोरले डावीकडे सरकत आणि माझ्याचकडे बघून म्हणत, "धाकटे, मास्तरांना म्हणावं, झालं."

मी जगातला एकमेव पुतळा असेन जो मध्यस्थ होता.

माझी जागा कपड्यांच्या खोलीत, खिडकीजवळच्या स्टुलावर. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर झाडाखाली बसत. थोरले डबा घेऊन माझ्याजवळ येत. ताई नेमक्या तेव्हा बाहेर असत, हे बघूनच येत.

"धाकटे," एकदा ते म्हणाले, "दोन-दोन पानांचे डायलॉग माझे एका वाचनात पाठ होतात. आणि हे चार शब्द तोंडातून निघत नाहीत." मग घसा खाकरून त्यांनी मला उद्देशून सुरुवात केली, "ऐका ना, मी काय म्हणतो, म्हणजे तुमची हरकत नसेल तर…" आणि तिथेच गाडी अडली. हे 'ऐका ना' त्यांचं नेहमीचंच. सगळं युनिट ताईंना ताई म्हणे. एकटे थोरले म्हणत नसत. 'ऐका ना', 'बरं का', 'जरा बघता का' असं करून वेळ मारून नेत. तेवढ्यावरून कोणाच्याही लक्षात यायला हवं होतं, पण सिनेमावाली माणसं कॅमेऱ्यातून सोडून इतरत्र फारसं बघत नाहीत.

मग घास तसाच हातात धरून ते म्हणाले, "पण कोणत्या तोंडाने विचारू? तिच्या भावाचे दात पडले माझ्या हाताने. मला आठवतं, मी तीनलाच हात फिरवला. पण खुर्चीवरून राग आला होता, हेही खरं. हात लागला की मी लावला? माझं मलाच सांगता येत नाही, धाकटे."

हिरोला न सापडणारा चेहरा मी तेव्हा अगदी जवळून पाहिला. दिवसाउजेडी, डब्यासमोर.

ताईंचं वेगळंच. त्या मला कोट चढवायला येत आणि बटणं लावता लावता ओठातल्या टाचण्यांमधून पुटपुटत. "वाळलात. जेवता का नीट? आणि ती किडकी फळं मुकाट्याने कशाला घेता हो? माणसाने इतकंही गरीब असू नये." मला! भुशाने ठासून भरलेल्याला वाळलात म्हणाल्या! पण माझ्या आडून कोणाशी बोलणं चाललंय, ते मला कळत होतं. मग कॉलर सारखी करून त्या हळूच म्हणाल्या, "मी उद्यासुद्धा येईन तुमच्या घरी. पण माझा भाऊ अजून फळ कापल्याशिवाय खाऊ शकत नाही. त्याने घरी एकट्याने फोडी चावत बसायचं, आणि मी तुमच्याकडे येऊन हसायचं? नाही जमायचं ते."

मला आतून ओरडावंसं वाटे, अहो, ते सुद्धा हेच म्हणतात! पण तोंड त्यांनीच शिवलेलं.

आणि तिसरं गुपित मास्तरांचं. ते रोज सकाळी येऊन मला दोन ठोसे लगावत. रोजची वसुली. थोरल्यांचं पोट, थोरल्यांचा कोट, मग काय, हात साफ करून घेत. एके दिवशी त्यांना माझ्या हातांची करामत नीट बघायची होती. माझा उजवा हात त्यांनी मागे ओढून दोरीने अडकवला, समोर उभे राहिले आणि मोजायला लागले. "एक, दोन," तीनला दोरी सोडली. इलॅस्टिकने माझा हात भिरकन फिरला आणि मास्तरांच्या जबड्यावर असा बसला, की ते खाली बसले आणि त्यांचे खोटे दात टेबलाखाली गेले.

मला वाटलं, आता माझा भुसा निघणार. पण मास्तर दात शोधून तिथेच टेकून बसले आणि हसायला लागले. हसता हसता त्यांचे डोळे भरले.

"पुन्हा चारला वळलो," ते म्हणाले. "तेव्हाही असाच चारला वळलो होतो, धाकटे. ताई पहिल्यांदाच माझं शूटिंग बघायला आली होती. ती बघतेय का, ते बघायला गेलो आणि मान वळवायला उशीर झाला. तुमच्या थोरल्यांची काही चूक नव्हती. पण लोकांना काय सांगणार, फाइटर होऊन मोजता आलं नाही? एकदा खोटं बोललो आणि मग ते गिळताही येईना, ओकताही येईना." दात पुसून त्यांनी जागेवर बसवले आणि माझ्याकडे बोट रोखलं. "कोणाला बोलायचं नाही."

घ्या! म्हणजे माझ्या पोटात आता भुशाशिवाय तीन गुपितं. एकीला वाटतं थोरले भावाचे गुन्हेगार, एकाला वाटतं आपणच गुन्हेगार, आणि खरा गुन्हेगार रोज येऊन मला बडवतो. या तिघांचं आयुष्य एका वाक्यावर अडलेलं, आणि ते वाक्य ठाऊक असलेला चौथा कॅनव्हासचा.

शेवटच्या सीनचा दिवस आला. सीन पहाटेचा, शूटिंग दुपारी. मॅडमनी भलीमोठी काळी कापडं लावून सूर्याला अर्धा झाकून ठेवला होता. बंद पडलेल्या कारखान्याचं अंगण, वर तिसऱ्या मजल्याचा कठडा. ताईंची खोली खालीच, अंगणाकडे खिडकी.

सकाळीच मास्तरांनी सगळ्यांसमोर पिलू सोडलं. "पुतळा टाकून काही खरं वाटत नाही. धाकटे, तुमच्या थोरल्यांना विचारा, स्वतः उडी मारतात का? खाली गाद्या टाकतो. बघू तरी, किती दम आहे."

लोक हसले. थोरले हसले नाहीत. ते म्हणाले, "मारतो. मास्तर म्हणत असतील तर मारतो."

ताईंच्या हातातली कात्री खाली पडली. "गुडघे बघितलेस का त्यांचे?" त्या भावाला म्हणाल्या. "जिना चढताना कठडा धरतात ते!"

"माझे दात कोणी बघितले होते?" मास्तर म्हणाले.

तेवढ्यात मॅडम कडाडल्या, "माझ्या सिनेमात कोणीही उडी मारणार नाही. पुतळा टाका." विषय तिथेच संपला. पण ताईंच्या मनातून तो गेला नव्हता. मला कोट चढवताना त्यांनी एकच बटण दोनदा काढून लावलं.

पहिला टेक झाला. मास्तरांनी कठड्याआड वाकून मला ढकललं आणि मी निघालो. कठड्याच्या एका सळईत माझा खांदा अडकला, कोट टर्रकन फाटला आणि मी उलटा होऊन पडलो. हात फिरलेच नाहीत. पुन्हा पोतं! फाटका कोट ताईंकडे गेला. त्या खिडकीशी बसून, सुईत दोरा ओवून तो शिवायला लागल्या. मला दोघांनी खांद्यावर टाकून पुन्हा वर नेलं.

वर मॅडम घड्याळाकडे बघत होत्या. काळ्या कापडाआडून सूर्य खाली सरकत चाललेला. "कोट कधी येणार?"

मास्तरांना धीर नव्हताच. "धाकटे, थोरल्यांना सांगा, कोट काढा. एका टेकचं तर काम आहे."

थोरल्यांनी स्वतःच्या अंगातला कोट काढला आणि मला घातला. अस्तर लावलेला. आयुष्यात पहिल्यांदा मला अस्तराची ऊब कळली. बटणंही त्यांनीच लावली आणि माझ्या पोटावर थोपटून म्हणाले, "सांभाळून पडा हो."

हे सगळं वर झालं. खाली ताईंना त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"ॲक्शन!"

मी निघालो. या वेळी असा पडलो की काय सांगू! इलॅस्टिकने जोर धरला, माझे दोन्ही हात हवेत गरागरा फिरले, कोटाचे पदर फडफडले. खाली एका दिवेवाल्याने डोळे झाकून घेतले म्हणे. मी फरशीवर आपटलो. गाद्या नव्हत्या. पुतळ्यासाठी गाद्या कोण टाकतं?

आणि तेव्हा ती हाक आली.

"अहो!"

तुम्ही मराठी घरात वाढलेले असाल, तर तुम्हाला सांगायला नको. अहो पोस्टमन, अहो रिक्षावाले, असं आपण दिवसभर म्हणतो. पण एक अहो वेगळं असतं. ते एकाच माणसाला म्हणतात, आणि ते म्हणणाऱ्या बाईला दुसऱ्या कोणी काही विचारायचं नसतं. ते अहो सगळ्या युनिटने ऐकलं.

शिवणाऱ्या बाईला माणूस कपड्यावरून कळतो, चेहऱ्यावरून नंतर. पुतळ्याचा कोट ताईंच्या मांडीवर होता, अर्धा शिवलेला. मग खिडकीसमोरून जो कोट खाली गेला, त्यात कोण असणार? बाकी साऱ्यांना दिसत होतं की पुतळा पडलाय. चेहऱ्यावर टीप असलेला, भुशाचा, त्यांनी स्वतः बनवलेला पुतळा. एकट्या ताईंना दिसलं नाही. त्या फाटका कोट हातात फरफटत, हातातल्या सुईसकट धावत आल्या, फरशीवर बसल्या आणि त्यांनी मला छातीशी धरलं.

"उठा हो! उठा! मी येते तुमच्याबरोबर, कोणाला विचारत नाही आता, कोणाचं ऐकत नाही. पण उठा!"

मी उठलो असतो हो. शपथेवर सांगतो, कोणी मला तेवढं बळ दिलं असतं तर मी उठलो असतो.

तेवढ्यात वरून, तिसऱ्या मजल्यावरून, नुसत्या शर्टातले थोरले कठड्यावर ओणवे झाले आणि त्यांच्या त्या खर्जातल्या आवाजाचा पार कापूस झाला.

"अगं, मी इथे आहे!"

'ऐका ना' गेलं, 'बरं का' गेलं. एका दमात 'अगं' आलं. तेही अंगणातल्या साठएक माणसांसमोर. ताईंनी वर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग माझ्या गालावरची टीप बघितली. ती त्यांचीच टीप होती. त्या हळूहळू उभ्या राहिल्या आणि जिन्यातून धावत आलेल्या भावाला म्हणाल्या, "याचा कोट माझ्या हातात होता रे. मला वाटलं, तू त्यांना खरंच ढकललंस. माझ्या भावाबद्दल असं वाटलं मला."

मास्तर जागच्या जागी उभे राहिले. त्यांना कोणी चांगला ठोसा दिला असता तर त्यांनी हसून घेतला असता. हे वाक्य त्यांना पेलवलं नाही.

"तीनला वळायचं होतं, ताई," ते म्हणाले. "मी चारला वळलो. तू बघतेस का, ते बघत होतो. त्यांनी मारलं नव्हतं. माझं मलाच लागलं."

थोरले तोवर धापा टाकत खाली पोचले होते. "म्हणजे मी लावला नव्हता?"

"नाही." मास्तर इतक्या वर्षांनी पहिल्यांदा माझ्याकडे न बघता त्यांच्याशी बोलत होते.

थोरले मटकन माझ्याशेजारी फरशीवर बसले. एवढा मोठा माणूस, पण जड ओझं उतरल्यावर माणसाला उभं राहवत नाही. मग त्यांनी विचारलं, "आणि खुर्ची?"

"खुर्ची तुमचीच होती," मास्तर म्हणाले.

मग त्यांनी ताईंसमोर गाल पुढे केला. "मार. या वेळी वळत नाही."

ताईंचा संताप झाला होता, आणि का होऊ नये? खोट्या दातांपायी त्यांची खरी वर्षं गेली होती. त्यांनी हात उचलला. मी मोजत होतो. एक. दोन. तीन. हात सपकन फिरला आणि मास्तरांच्या गालापाशी, बरोबर चार बोटांवर थांबला. मास्तर हलले नव्हते. ताईंनी त्यांची हनुवटी धरली आणि म्हणाल्या, "आधी ते दात नीट बसव. बोलताना हलतायत." आणि मग त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या.

तेव्हा कुठे मॅडम हळूच म्हणाल्या, "कट."

मॅडम हुशार. त्यांनी तो टेक ठेवला. पडणं माझं, आणि वर ताईंची हाक. बाई धावत येते तो भाग कापला, फक्त लांबून कुठल्याशा खिडकीतून आल्यासारखं ते 'अहो!' राहू दिलं. ताई संकोचाने म्हणाल्या, "अहो, पण हे तुमच्या गोष्टीत नव्हतं." मॅडम म्हणाल्या, "दुष्ट माणसालाही कोणीतरी अहो म्हणणारं असतं, हे मी लिहायलाच विसरले होते." हिरोला ती हाक ऐकवली आणि त्याला त्याचा चेहरा सापडला.

सिनेमा लागला तेव्हा मला नवा कोट घालून थिएटरच्या दारात उभं केलं होतं. पोरं माझ्याबरोबर फोटो काढत होती. आतलं मला दिसत नव्हतं, पण शेवट आला ते कळलं. दाराआडून ती हाक आली आणि ज्यांनी एरवी "बरं झालं मेल्याचं" म्हटलं असतं, ते सगळे गप्प झाले. मग रुमाल निघाल्याचे, नाकं ओढल्याचे आवाज. लोक माझ्यासाठी रडत होते! दुसऱ्या दिवसापासून फळवाली थोरल्यांना चांगली फळं द्यायला लागली, हाही एक चमत्कारच.

आता मी ताईंच्या नव्या घरात असतो. नवं म्हणजे थोरल्यांचं जुनंच, पण आता पडदे आहेत. शिवणाच्या खोलीत मी उभा. गिऱ्हाइकांचे अर्धवट शिवलेले कपडे माझ्या अंगावर चढवून बघतात. बायकांचेसुद्धा. खलनायक म्हणून जन्मलो आणि परवा झालरीच्या झग्यात उभा होतो, पण तक्रार नाही. मास्तर सुट्टीला जेवायला येतात. थोरले त्यांना फळं कापून देतात आणि एकाच चांगल्या खुर्चीवरून दोघं अजून भांडतात. जाताना मास्तर मला एक ठोसा मारतात. आता चार बोटांची फट ठेवून.

एक मात्र अजून कोणाला ठाऊक नाही. त्या दुपारी ताईंची सुई हरवली. शिवणाऱ्या बाईची सुई हरवली म्हणजे घर डोक्यावर. "पायात जाईल कोणाच्या!" म्हणून त्यांनी सगळ्या युनिटकडून अंगण झाडून घेतलं. सुई मिळाली नाही. मिळणार कशी? त्यांनी मला छातीशी धरलं, तेव्हा ती माझ्या डाव्या बाजूला कोटातून, कॅनव्हासमधून आत गेली. तुटलेल्या दोऱ्यासकट. तिथेच आहे.

ती मिठी माझी नव्हती, हे मला चांगलं ठाऊक आहे. ती वर उभ्या असलेल्या माणसाची होती. पण पडलो मी होतो, म्हणून मिळाली मला. आणि मला वाटतं, इतकं पडून मिळाली, म्हणजे माझीही थोडी झालीच की.

कॅनव्हास आता विरत आलाय. कधीतरी मला उसवतील, धुतील, भुसा बदलतील. खुशाल बदला. चिंध्या नव्या भरा, तोंडाची टीपही पुन्हा घाला, लागलंच तर आणखी एकदा छपरावरून टाका. फक्त डाव्या बाजूला हात घालाल तेव्हा जरा जपून, बोटाला टोचेल. आणि टोचलीच, तर ती सुई बाहेर काढू नका. तेवढी माझ्याजवळ राहू द्या.